मेंदूतली शीर म्हणजे नळ नव्हे

माझ्या मामेभावाने एक अर्ज तयार केला आहे. २०२८ साली कुंभकोणमला महामहम येतंय. बारा वर्षांनी महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर लाखो माणसं लोटतील. त्याआधी गावच्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या अरुंद झालेल्या शिरा फुग्याने उघडण्याची सोय झालीच पाहिजे, असं अर्जात म्हटलंय. जवळच्या गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात एकादशीच्या भजनानंतर त्याने तो फिरवला, चाळीसेक सह्या घेतल्या आणि मला मिरजेला पाठवून दिला. ‘दादा, तू डॉक्टर आहेस, तुझी सही सगळ्यांत वर हवी.’

मी सही केली नाही. त्याला ते लागलं, आणि लागणारच होतं, कारण अर्जामागे त्याचे वडील, म्हणजे माझे मामा आहेत. फोनवर अशा गोष्टींचं भांडण होतं, उलगडा होत नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर लिहितो आहे. ते त्याच्या एकट्यासाठी नाही. ‘हृदयाला फुगा चालतो, मग मेंदूला का नाही?’ हा प्रश्न मला मिरजेच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो.

आधी त्याचं म्हणणं नीट मांडतो. तो चेन्नईत सिव्हिल इंजिनियर आहे, उभी हयात पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. तो म्हणतो: पाइप आतून चोंदला की गावाला पाणी कमी पडतं. तुम्ही पाण्यात औषध घालत बसता, आम्ही पाइप मोकळा करतो. हृदयाच्या शिरांत डॉक्टर हेच करतात आणि तालुक्याच्या गावीसुद्धा ते आता होतं. मेंदूचं तंत्रही तयार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात चीनमधली मोठी चाचणी छापून आली, तिच्यात फुग्याने मेंदूचे झटके एक तृतीयांशावर आले. तरी तुम्ही गोळ्याच देणार? चेन्नई-मुंबईच्या माणसाला फुगा आणि कुंभकोणमच्या माणसाला गोळी, हा कुठला न्याय?

हे म्हणणं पोरकट नाही. त्याने तो शोधनिबंध वाचलाय. न्यायाचा मुद्दा तर मला मनापासून पटतो. पण पायाच चुकला आहे, आणि चुकलेल्या पायावर उभा राहिलेला अर्ज मंजूर झाला तर कुंभकोणममधली काही माणसं त्याने दगावतील. म्हणून सौम्य बोलणं मला परवडत नाही.

सुरुवात हृदयापासून करू, कारण सगळा भरवसा त्या तुलनेवर आहे. १९७७ साली झुरिकमध्ये ग्रुंट्झिगने जाग्या माणसाच्या हृदयाच्या शिरेत पहिला फुगा फुगवला. ती वैद्यकातली मोठी घटना होती. हार्ट अटॅक चालू असताना बंद शीर उघडली की जीव वाचतो, यात वाद नाही. पण स्थिर दुखण्याच्या रुग्णाचं काय? चालताना छाती भरून येते आणि थांबल्यावर बरं वाटतं, अशा माणसांवर ‘करेज’ ही २,२८७ जणांची चाचणी २००७ साली आली. मग ‘इस्किमिया’ ही ५,१७९ जणांची चाचणी झाली, तिचे निकाल २०२० साली छापले गेले. दोन्हींतून एकच दिसलं: चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला शीर उघडली म्हणून अशा रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं कमी झालं, आणि तेही मोलाचंच. पण अरुंद दिसली की उघडायची, हा नियम खुद्द हृदयातही टिकलेला नाही. ज्या दाखल्यावर मामेभाऊ मेंदूचा खटला लढतोय तो दाखलाच अर्धा खरा आहे.

आता पाइप. पाणीपुरवठ्याच्या पाइपाची भिंत जिवंत नसते. मेंदूच्या मधल्या धमनीचा व्यास जेमतेम तीन मिलिमीटर. हृदयाच्या शिरा स्नायूच्या अंगावर टेकून असतात. मेंदूच्या मोठ्या शिरा कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात आणि त्यांची भिंत तेवढ्याच जाडीच्या इतर शिरांपेक्षा पातळ असते. ती फाटली तर रक्त थेट डोक्यात पसरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. त्याहून वाईट गोष्ट फांद्यांची. या धमनीच्या खोडातून केसासारख्या बारीक फांद्या सरळ वर मेंदूच्या गाभ्यात जातात. हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या तंतूंचा जुडगा त्यांच्याच रक्तावर जगतो. फुगा फुगवला की भिंतीवरचा चरबीचा थर दाबला जातो आणि तो या फांद्यांच्या तोंडांवर सरकू शकतो. मुख्य नळ उघडला, पडद्यावर छान रुंद दिसला, आणि रुग्ण टेबलावरून उठला तो लुळा हात घेऊन, असं घडू शकतं. घरोघरच्या जोडण्या बुजवून मुख्य वाहिनी साफ केली तर त्याला पाणीपुरवठा म्हणायचं का, याचं उत्तर मामेभावाने त्याच्याच धंद्याच्या भाषेत द्यावं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही, चार दशकांचा इतिहास आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीत फुगा घालण्याचा पहिला वृत्तांत १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सुंड्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. पुढे स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, आला. मेंदूसाठी खास बनवलेल्या ‘विंगस्पॅन’ स्टेंटला अमेरिकेत २००५ साली परवानगी मिळाली ती अवघ्या ४५ रुग्णांच्या अभ्यासावर. तेव्हाही हेच बोललं जात होतं: शीर अरुंद आहे, उघडता येते, मग थांबायचं कशाला? थांबून तपासायचं ठरवलं म्हणून ‘सॅम्प्रिस’ ही चाचणी झाली. शीर ७० ते ९९ टक्के अरुंद आणि नुकताच झटका किंवा त्याची पूर्वसूचना येऊन गेलेली, अशा रुग्णांच्या दोन वाटण्या केल्या. एका गटाला कडक औषधोपचार, दुसऱ्याला तोच औषधोपचार आणि वर स्टेंट. ४५१ रुग्ण झाले आणि एप्रिल २०११ मध्ये भरती थांबवावी लागली. तीस दिवसांत झटका किंवा मृत्यू: स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या औषधाच्या गटात ५.८ टक्के. म्हणजे उपचाराने धोका अडीच पट झाला. हे अमेरिकेतल्या निवडक रुग्णालयांत, तपासून घेतलेल्या हातांनी घडलं. बत्तीस महिन्यांनी पाहिलं तेव्हाही औषधवाले पुढेच होते, १५ टक्क्यांना २३.

२०१५ साली फुग्यावर चढवलेल्या दुसऱ्या स्टेंटची ‘व्हिसिट’ चाचणी आली. तिच्यात ११२ रुग्ण होते आणि तीही मधेच थांबली. वर्षभरात झटका किंवा त्याची ठळक पूर्वसूचना स्टेंटच्या गटात ३६.२ टक्के, औषधाच्या गटात १५.१. मग २०२२ साली चीनमधून ‘कॅसिस’. या वेळी डॉक्टर आणखी सरावलेले, रुग्ण आणखी पारखून घेतलेले. निकाल बरोबरीचा: स्टेंटच्या गटात ८ टक्के, औषधाच्या गटात ७.२ टक्के. स्टेंटने नुकसान केलं नाही, फायदाही नाही.

या सगळ्यातून जी गोष्ट वर आली ती वर्तमानपत्रांत कधी मथळा झाली नाही. तीन चाचण्यांत जिंकल्या किंवा बरोबरीत राहिल्या त्या गोळ्या. कोणत्या? ॲस्पिरिन, तिच्या जोडीला नव्वद दिवस क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या. शिवाय साखरेवर ताबा, तंबाखू बंद, चालणं. वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, वरचा रक्तदाब १४० च्या खाली. ‘नुसत्या गोळ्या’ हा शब्दप्रयोग मामेभावाच्या अर्जात दोनदा आलाय. ‘नुसत्या’ हा शब्द त्याने खोडावा, कारण त्या गोळ्यांनी स्टेंटला हरवलंय.

आता त्याचा सगळ्यांत बळकट पुरावा, चीनमधली ‘बेसिस’ चाचणी. तिला बगल दिली तर माझा हा लेख अप्रामाणिक ठरेल. ३१ रुग्णालयं, ५१२ रुग्ण, ५०१ जणांचे निकाल तपासलेले. स्टेंट नाही, फक्त फुगा. तोही शिरेच्या मापापेक्षा लहान आणि अगदी सावकाश फुगवलेला. शीर पूर्ववत रुंद करायची नाही, थोडी वाट द्यायची, एवढाच बेत. आणि निकाल खरोखर चांगला आला. वर्षभराचा एकत्रित निकष, म्हणजे पहिल्या महिन्यात कुठलाही झटका किंवा मृत्यू, पुढे त्याच शिरेच्या भागात झटका, किंवा ती शीर पुन्हा उघडावी लागणं: फुग्याच्या गटात ४.४ टक्के, औषधाच्या गटात १३.५. पहिल्या महिन्यानंतरचे त्या शिरेचे झटके ०.४ टक्के विरुद्ध ७.५. एवढा मोठा फरक मी नाकारणार नाही. मेंदूच्या शिरा उघडण्याच्या बाबतीत मोठ्या चाचणीतून आलेली ही पहिली ठोस चांगली बातमी आहे, आणि ज्यांनी सावकाश फुग्याचा हा मार्ग शोधला त्यांना सलाम करायला हवा.

पण मामेभावाने सारांशातली वरची ओळ वाचली, खालच्या ओळी सोडल्या. दोन्ही गटांना तोच कडक औषधोपचार होता. फुगा गोळ्यांच्या ऐवजी नव्हता, गोळ्यांच्या वर होता. पहिल्या महिन्यात झटका किंवा मृत्यू फुग्याच्या गटात ३.२ टक्के, औषधाच्या गटात १.६, म्हणजे आधी दुप्पट जोखीम पत्करायची आणि फायदा नंतर घ्यायचा. फुगा घातलेल्यांत शंभरांतल्या सतरांना काही ना काही गुंतागुंत झाली, साडेचौदांच्या शिरेची आतली भिंत चिरली. यांतल्या बहुतेकांना कायमचं नुकसान झालं नाही, कारण चीर वेळीच ओळखणारे आणि सावरणारे हात तिथे होते. वर्षात एक वाईट घटना टाळण्यासाठी साधारण अकरा जणांना फुगा घालावा लागतो आणि त्या अकरांतल्या दोघांना प्रक्रियेतच गुंतागुंत होते, असा हिशोब निघतो. माझ्या मते हा सौदा योग्य रुग्णासाठी चांगला आहे. प्रश्न ‘योग्य’चा आहे.

‘बेसिस’मध्ये घेतलेला रुग्ण कोण होता? शीर ७० ते ९९ टक्के अरुंद. झटक्याची पूर्वसूचना नव्वद दिवसांच्या आत आलेली, किंवा पूर्ण झटका येऊन किमान चौदा दिवस उलटलेले. म्हणजे ताज्या झटक्यात फुगा नाही. आणि डोकं दुखतं म्हणून काढलेल्या एमआरआयमध्ये सहज दिसलेलं, कधीच त्रास न दिलेलं ब्लॉकेज या चाचणीत नव्हतंच. ३१ मोठ्या रुग्णालयांना एवढे रुग्ण गोळा करायला २०१८ ते २०२२ अशी साडेतीन वर्षं लागली. दर रुग्णालयाला वर्षाला सरासरी पाचही येत नाहीत. मग एकट्या कुंभकोणमच्या रुग्णालयात असे किती येतील? वर्षातून दोन-तीन वेळा हा फुगा घालणाऱ्या डॉक्टरच्या हाती मी माझा माणूस देणार नाही. ‘विंगस्पॅन’चाच दुसरा अभ्यास आहे: परवानगीच्या अटींत काटेकोर बसणारे १५२ रुग्ण, अनुभवी केंद्रं, आणि पहिल्या ७२ तासांत झटका किंवा मृत्यू फक्त २.६ टक्के. उपकरण तेच, ज्याने ‘सॅम्प्रिस’मध्ये हाहाकार केला. फरक रुग्णाच्या निवडीचा आणि हाताच्या सरावाचा.

मामांचं सांगतो. मामेभावाच्या संमतीने सांगतो आहे.

मामा एकाहत्तरचे. एके सकाळी ओसरीवर कॉफी घेताना उजवा हात लुळा पडला, कॉफीचं भांडं, दवरा, खाली सांडलं. दहा मिनिटांत हात पूर्ववत. मामींनी फरशी पुसली, मामांनी दुसरी कॉफी मागितली, विषय संपला. कुणीही मला फोन केला नाही. अकरा दिवसांनी बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. रुग्णालयात पोचेपर्यंत सहा तास झाले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ती वेळ टळली होती. पुढे तपासणीत डाव्या मधल्या धमनीत ऐंशी टक्के अडथळा दिसला. तिकडे त्याला ‘अडैप्पु’ म्हणतात, आपल्याकडे ब्लॉकेज. शब्द कोणताही असो, तो ऐकला की घरच्यांचे पाय गळतात आणि मग कुणी काहीही सांगितलं तरी होकार निघतो.

पाचव्या दिवशी त्यांना एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात हलवलं. तिथे दुसऱ्याच दिवशी फुग्याचा सल्ला मिळाला आणि खर्चाचा कागद हातात आला. मी फोनवर तीन गोष्टी विचारल्या. झटक्याला चौदा दिवस झालेले नाहीत, तरी घाई का? तुमच्याकडे गेल्या वर्षी अशा किती प्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या किती जणांना महिन्याभरात झटका आला किंवा मृत्यू झाला? आणि मामांनी रक्तदाबाच्या गोळ्या कधी सोडल्या, हे कुणी विचारलं का? पहिल्याचं उत्तर आलं, ‘धोका घ्यायला नको.’ दुसऱ्याचं आलंच नाही. तिसऱ्याचं उत्तर मामींनी दिलं: आठ महिने. ‘बरं वाटतंय’ म्हणून.

आठ महिने! सबंध प्रकरणाचं मूळ त्या दोन शब्दांत आहे, आणि अर्जात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. फुगा घातला असता आणि मामा परत येऊन गोळ्या सोडून बसले असते तर ती शीर, किंवा तिच्या शेजारची दुसरी, पुन्हा भरली असती. आम्ही फुगा नाकारला, गोळ्या सुरू केल्या. आता दीड वर्ष झालं. मामा काठी घेऊन कावेरीपर्यंत जातात, बोलताना एखादा शब्द अडकतो. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी मामेभावाला आधीच सांगितलंय. गोळ्या नेमाने घेऊनही त्याच शिरेचा झटका आला असता तर मीच त्यांना अनुभवी केंद्रात घेऊन गेलो असतो. फुग्याची खरी जागा ती आहे.

कुंभकोणमच्या मराठी माणसाला या रोगाची ओळख जुनी आहे. सर टी. माधवराव तिथलेच, जन्म १८२८. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला हा माणूस. बडोद्यात सयाजीराव अज्ञान असताना राज्याची घडी त्यांनी बसवली. डिसेंबर १८९० मध्ये त्यांना झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी मद्रासमध्ये मैलापुरात ते गेले. तो झटका गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे त्या काळी कुणालाच सांगता आलं नसतं. क्ष-किरण चार वर्षांनी सापडायचे होते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रिव्हा-रोचीची युक्ती १८९६ ची. ॲस्पिरिन १८९९ ची. मेंदूच्या शिरांचं पहिलं चित्र मोनिझने १९२७ साली काढलं, सीटी स्कॅन १९७१ चा. तीन संस्थानांच्या दिवाणाला जो रक्तदाब मोजून घेता आला नाही तो आज कुंभकोणमच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात फुकट मोजतात, आणि गोळी काही पैशांत किंवा थोडक्या रुपयांत येते. तरीही देशात काय स्थिती आहे? आयसीएमआरच्या २०२३ साली छापलेल्या पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला. मेंदूच्या आतल्या शिरा अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त, त्यांत आपण आलो. तेव्हा लढाई कुठे आहे ते स्पष्ट आहे.

तमिळनाडूने या बाबतीत जे केलंय त्याचा मला महाराष्ट्रातला डॉक्टर म्हणून हेवा वाटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही योजना सुरू झाली. नावाचा अर्थ लोकांना शोधत येणारं वैद्यक. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या घरपोच. मामांच्या गल्लीतही बाई येते. मामांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं, ‘मला काही होत नाही’ म्हणून. मामेभावाला गावासाठी काही करायचं असेल तर त्या बाईच्या हाती असलेल्या यादीत कुणाच्या गोळ्या तुटल्या हे पाहणारी माणसं भजनी मंडळीतून उभी करावीत. एकादशीला मंदिरात शे-दीडशे लोक जमतात, त्यांतले निम्मे साठीच्या वरचे. भजनाआधी प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधायला अर्धा तास लागेल.

तो म्हणेल, ही गरिबांची समजूत काढणं झालं, यंत्रं शहरात आणि उपदेश गावात. मी तसं म्हणत नाही. कुंभकोणमला यंत्रं हवीतच. पण कोणती? ताज्या झटक्यात मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी मरतात, असा प्रसिद्ध हिशोब आहे. त्या माणसाला हवा असतो दिवसरात्र चालणारा सीटी स्कॅन, तो तिथल्या तिथे वाचणारं कुणीतरी आणि फ्रिजमध्ये तयार असलेलं इंजेक्शन. मोठी शीर गुठळीने बंद असेल तर जाळीने गुठळी ओढून काढण्याचा उपचार आहे. तो २०१५ च्या चाचण्यांनी सिद्ध झालाय आणि पारखून घेतलेल्या रुग्णांत चोवीस तासांपर्यंत उपयोगी ठरतो. त्यासाठी इंजेक्शन चालू ठेवूनच रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवायचं असतं. तंजावरचं मेडिकल कॉलेज कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. ती वाट एका तासात पार होते की तीन तासांत, रुग्ण पोचण्याआधी तिथे फोन गेलेला असतो की नाही, यावर त्याचा हात हलणार की नाही हे ठरतं. मामांचे सहा तास कुठे गेले ते आम्ही मोजलं: चार तास घरातच गेले, ‘झोपून उठल्यावर बरं वाटेल’ यात. अर्जातल्या फुग्याने त्यांतलं एक मिनिटही वाचलं नसतं.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही इथेच उत्तर देतो, कारण माझ्या ‘नाही’चा ते गैरवापर करतील. मेंदूतला फुगा म्हणजे निव्वळ लूट, असं म्हणणारे माझ्याच व्यवसायात आहेत. ‘बेसिस’नंतर तसं म्हणता येत नाही. ज्याची शीर खरोखर ७० टक्क्यांवर अरुंद आहे, ज्याला तिच्यामुळेच झटका आलाय, ज्याने गोळ्या नेमाने घेतल्या आणि तरी पुन्हा त्रास झाला, त्याला फुग्याचं नावही न सांगणं हा अन्याय आहे. अशा रुग्णाला राज्यातल्या दोन-चार सरावलेल्या केंद्रांत सरकारी खर्चाने पाठवायची व्यवस्था असली पाहिजे. गावोगावी एकेक फुगा ठेवण्यापेक्षा ती शंभर पटीने बरी.

आणि ‘सरावलेलं केंद्र’ कोणतं हे कळायचं कसं? जाहिरातीवरून नाही, आकड्यावरून. मामांच्या वेळी जो आकडा मला मिळाला नाही तोच. तंजावरच्या माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचं कारण नाही. दुसरे शरभोजीराजे १७९८ ते १८३२ तंजावरच्या गादीवर होते. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला, नेत्ररोग्यांवर उपचार करवले, आणि त्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. कुणाला काय झालं होतं, काय केलं, पुढे काय झालं, आणि डोळ्यांची चित्रंसुद्धा. दोनशे वर्षांपूर्वी, एका संस्थानात, शस्त्रक्रियेनंतर रोग्याचं काय झालं हे लिहून ठेवावं असं आपल्याच एका मराठी राजाला वाटलं. आज कोट्यवधींची यंत्रं असलेलं रुग्णालय महिन्याभरानंतर आपल्या रुग्णाचं काय झालं हे सांगायला तयार नसेल तर त्याला मेंदूत फुगा घालण्याचा अधिकार असू नये. हे मी फार विचार करून लिहितो आहे.

तेव्हा बाळ, अर्ज फाडू नकोस, मजकूर बदल. पहिली मागणी: कुंभकोणमच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तास सीटी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आणि तंजावरपर्यंत आधी फोन करून जाणारी रुग्णवाहिका. त्याखाली: घरपोच गोळ्यांच्या यादीतून गळालेल्यांचा दर महिन्याला शोध. त्याखाली: मेंदूच्या फुग्यासाठी निवडक केंद्रं, आणि त्या प्रत्येक केंद्राने वर्षाला किती प्रक्रिया केल्या आणि तीस दिवसांत किती जणांना झटका आला किंवा मृत्यू झाला, हे दारावर लावायचं. तमिळमध्ये लिही, खाली मराठीतही लिही. मी पुढच्या एकादशीला गोविंदपुरमला येतो, येताना रक्तदाबाची दोन यंत्रं घेऊन येतो. पहिली सही माझी, आणि पट्टा पहिल्यांदा मामांच्या दंडाला.